कारखाना परदेशी गेला, कामगार मागे राहिला : अमेरिकेतल्या एका योजनेचा धडा



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. सहावीतला एक मुलगा वडिलांबरोबर ऑफिसात आला, दाखला न्यायला. वर्षाच्या मधेच दाखला काढायचा म्हटलं की आपण विचारतोच, काय झालं म्हणून. वडील काहीच बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. मुलगाच म्हणाला, "मॅडम, पप्पांची लाईन बाहेरच्या देशात गेली. आम्ही आता गावी जाणार."

आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं एमआयडीसीतल्या कामगारांची आहेत. त्यामुळे 'लाईन' म्हणजे काय हे मुलांना मला समजावून सांगावं लागत नाही, उलट तीच मला सांगतात. पण लाईन दुसऱ्या देशात जाते म्हणजे काय, हे कुणालाच नीट उमगलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात प्रश्न आला, "मॅडम, लाईन ट्रकमधून नेतात का?" मी म्हटलं, यंत्रं सुटी करून जहाजातून नेतात, नाहीतर तिकडे नवी यंत्रं लावतात आणि इकडची बंद करतात. लगेच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. "मग माणसांना सरकार काय देतं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. 'उद्या सांगते' म्हटलं. तो उद्या यायला मला चांगले दोन महिने लागले. शोधता शोधता मी पोचले अमेरिकेत. कारण नेमक्या याच प्रश्नासाठी, म्हणजे परदेशी व्यापारामुळे ज्याचं काम गेलं त्या कामगारासाठी, तिथे साठ वर्षं एक वेगळी सरकारी योजना चालली. तिचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. आपण सोयीसाठी तिला 'व्यापार साहाय्य योजना' म्हणू. तिची गोष्ट मी सहावी-सातवीला सांगितली. मुलांना कळली. तुम्हालाही वर्गात घेता यावी म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

योजना आली तरी कशासाठी?

१९६२ साल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते जॉन केनेडी. त्यांना इतर देशांशी बोलणी करून आयात शुल्क कमी करायचं होतं. आयात शुल्क म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार लावतं तो कर. तो कमी झाला की बाहेरचा माल स्वस्त होतो. गिऱ्हाईक खूश. पण तोच माल देशात बनवणारा कारखाना अडचणीत येतो.

इथे मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. फायदा आणि तोटा एकाच माणसाला होत नाही. फ्रिज पाचशे रुपयांनी स्वस्त झाला तर देशातल्या लाखो घरांचे पाचशे-पाचशे रुपये वाचतात. कुणाला ते फारसं जाणवतही नाही. पण फ्रिजचा कारखाना ज्या गावात होता, त्या गावातल्या हजार घरांचा अख्खा पगार जातो. बेरीज केली तर देश फायद्यात, आणि ते एक गाव मात्र बुडालेलं. मी फळ्यावर एका बाजूला खूप बारीक ठिपके काढले आणि दुसऱ्या बाजूला एक मोठा काळा गोळा. मुलांना पटकन समजलं.

मग या फायद्यातला थोडा वाटा त्या बुडालेल्या गावाला का देऊ नये? हा विचार केनेडींच्याही आधीचा. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी १९५४ मध्येच तो सरकारी आयोगापुढे मांडला होता. तेव्हा तो मान्य झाला नाही. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात मात्र तो आला. कामगार संघटनांचा पाठिंबा हवा असेल तर त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं, हाही हिशोब त्यात होताच. काम गेलेल्या कामगाराला आधीच्या सरासरी पगाराच्या ६५ टक्के रक्कम, ५२ आठवड्यांपर्यंत, आणि जोडीला नवं काम शिकायची सोय. वाचायला किती छान वाटतं, नाही का?

आता ऐका. १९६२ ला कायदा झाला, आणि १९६९ उजाडेपर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. एकाही नाही! पहिली मंजुरी मिळाली १९६९ च्या नोव्हेंबरात.

सगळा घोळ एका शब्दाचा

आपण भाषा शिकवणारी माणसं, म्हणून हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

१९६२ च्या कायद्यात कामगाराला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. पहिली, अमुक मालाची आयात वाढली ती मुख्यतः सरकारने शुल्कात दिलेल्या सवलतीमुळेच वाढली. दुसरी, आपलं काम गेलं त्याचं मुख्य कारण ही वाढलेली आयातच. दोन्हीकडे 'मुख्य'. आता तुम्हीच सांगा, कारखाना बंद पडतो तो एकाच कारणाने का? यंत्रं जुनी झालेली असतात, मंदी आलेली असते, मालकाचं लक्ष दुसऱ्या धंद्यात असतं, आणि त्यात बाहेरचा स्वस्त माल येतो. यातलं मुख्य कोणतं ते कसं मोजणार? कामगाराला आयातीचे आकडे कुठून मिळणार? टॅरिफ कमिशन नावाचं मंडळ तपासणी करायचं आणि अर्ज परत पाठवायचं. कायद्यात पैसे होते, पण दारावरचा तो शब्द कुणालाच आत जाऊ देत नव्हता.

१९७४ मध्ये नवा व्यापार कायदा आला आणि शब्द बदलला. आयातीने 'महत्त्वाचा हातभार' लावला असेल तरी पुरे. म्हणजे ते कारण महत्त्वाचं हवं, पण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठंच असायला हवं असं नाही. शुल्कातल्या सवलतीशी धागा जोडायची अटही गेली. तपासणीचं काम कामगार खात्याकडे आलं. आणि दार उघडलं.

इतकं उघडलं की १९८० मध्ये पूरच आला. तेलाचे भाव भडकले होते, लोक कमी पेट्रोल खाणाऱ्या छोट्या जपानी गाड्या घ्यायला लागले होते, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतली माणसं घरी बसली होती. त्या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कामगारांना मदत मिळाली आणि खर्च गेला दीड अब्ज डॉलरच्या वर. पण त्यातले बरेच जण काही महिन्यांनी आपल्याच जुन्या कारखान्यात परत कामाला लागले. नवं काम शिकले ते थोडे. म्हणून टीकाही झाली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात मदत कापली, ती साध्या बेरोजगारी भत्त्याइतकीच ठेवली, आणि तीही तो भत्ता संपल्यावर. १९८८ पासून नियम आला, पैसे हवे असतील तर प्रशिक्षण घ्यायलाच हवं.

नियमांचा हा सगळा इतिहास मुलांना सांगू नका, कंटाळतात. 'मुख्य' आणि 'महत्त्वाचा' एवढ्या दोन शब्दांवर थांबा. आमच्या वर्गात पाऊण तास त्यावरच गेला. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझं पोट दुखलं तर ते वडापावनेच दुखलं हे मला सिद्ध करावं लागणार, भेळपण खाल्ली असेल तर औषध नाही." याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

गेल्सबर्ग नावाचं गाव

आता एक खरं गाव घेऊ. नकाशा काढा. अमेरिकेत इलिनॉय राज्य, त्यात गेल्सबर्ग. वस्ती साधारण चौतीस हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. तिथे मेटॅग कंपनीचा फ्रिजचा मोठा कारखाना होता. २००२ च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केलं की हा कारखाना बंद करून काम मेक्सिकोतल्या रेनोसा शहरात न्यायचं. नकाशावर रेनोसा शोधायला लावा, टेक्सासच्या सीमेला अगदी लागून आहे. टप्प्याटप्प्याने माणसं कमी होत गेली आणि २००४ च्या सप्टेंबरात गेल्सबर्गचा कारखाना बंद झाला. सुमारे १६०० कामगार. तासाला साधारण १५ डॉलर पगार होता. त्याच वर्षी जुलैमध्ये बराक ओबामा यांचं पक्षाच्या अधिवेशनातलं भाषण देशभर गाजलं, त्यात त्यांनी गेल्सबर्गच्या या कामगारांचा उल्लेख केला होता. तेव्हा ओबामा राष्ट्राध्यक्ष व्हायला चार वर्षं बाकी होती.

(जाता जाता एक. पुढे २००६ मध्ये मेटॅग कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली. त्याच व्हर्लपूलचा फ्रिजचा कारखाना आपल्या पुण्याजवळ रांजणगावला आहे. नकाशात तोही दाखवा, मुलांना जग जवळचं वाटतं.)

गेल्सबर्गच्या कामगारांना व्यापार साहाय्य योजना लागू झाली. तेव्हाचे नियम २००२ च्या कायद्याचे होते. काय मिळत होतं ते बघू.

अर्ज करायला तीन कामगार पुरेत. नाहीतर संघटना करू शकते, किंवा कंपनी स्वतःसुद्धा. कामगार खात्याने ४० दिवसांत तपास करून निर्णय द्यायचा. एकदा मंजुरी मिळाली की त्या कारखान्यातल्या सगळ्यांना ती लागू होते, अर्ज केलेल्या तिघांनाच नाही. मग प्रशिक्षणाची फी सरकार भरतं. पहिले २६ आठवडे नेहमीचा बेरोजगारी भत्ता, त्यानंतर प्रशिक्षण चालू असेल तर आणखी भत्ता, सगळं मिळून १०४ आठवड्यांपर्यंत. म्हणजे दोन वर्षं. गावातलं कार्ल सँडबर्ग कॉलेज हे तिकडच्या पद्धतीचं दोन वर्षांचं कॉलेज. मेटॅगमधले कितीतरी कामगार चाळिशी-पन्नाशीत तिथे वर्गात जाऊन बसले.

आणि एक गोष्ट आपण शिक्षकांनी खास वाचण्यासारखी. ज्याचं मूळ लिहिणं-वाचणं किंवा गणितच कच्चं आहे, त्याला आधी ते पक्कं करायला आणखी २६ आठवड्यांची सवड होती. माणूस वीस-तीस वर्षं दाराला बिजागरी लावत होता. त्याला एकदम कॉलेजच्या पुस्तकापुढे बसवलं तर तो उठून जाणार, हे कायदा करणाऱ्याला कळलं होतं. आपल्याकडे सहावीच्या मुलाला दुसरीची वजाबाकी येत नसेल तर आपण काय करतो? मी स्वतःला हा प्रश्न विचारला आणि गप्प बसले.

पण आता अट बघा. कामावरून काढल्यापासून १६ आठवड्यांत, किंवा मंजुरी मिळाल्यापासून ८ आठवड्यांत, यातलं जे नंतर येईल त्याच्या आत प्रशिक्षणाला नाव नोंदवलेलं हवं. नाहीतर सूट मिळाल्याचा कागद हवा. नाहीतर भत्ता गेला. ज्या माणसाने अर्धं आयुष्य एका छपराखाली काढलं, त्याने चार महिन्यांत ठरवायचं की आता मी नर्सिंग शिकू की संगणक की ट्रक चालवू. घरात काही ठरत नाही, बायको म्हणते थांबा जरा, दुसरा कारखाना येईल, आणि तारीख निघून जाते. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख गेली की पालक दुसऱ्या दिवशी येतात ना, तसंच.

दवाखान्याच्या विम्याचं तर वेगळंच. अमेरिकेत बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा गेला. २००२ च्या कायद्याने सांगितलं, विम्याच्या हप्त्याचे ६५ टक्के सरकार करसवलतीतून देईल. समजा महिन्याचा हप्ता ६०० डॉलर, तर सरकारचे ३९० आणि तुमचे २१०. ज्याच्याकडे पगारच नाही त्याने हे २१० कुठून आणायचे?

गणिताचा तास

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक वेगळी सोय होती. या वयात कुठे कॉलेजला जाता, मिळेल ते काम धरा, पगार कमी असेल तर फरकाचा अर्धा भाग सरकार देईल. ही 'पगाराचा विमा' अशी कल्पना. अटी : नवं पूर्णवेळ काम २६ आठवड्यांत मिळालेलं हवं, नव्या कामाचा वार्षिक पगार ५०,००० डॉलरच्या आत हवा, आणि दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलर.

यावर मी सातवीला उदाहरण घातलं, तुम्हीही घाला. एक कामगार, वय ५२. आधी तासाला १५ डॉलर. आठवड्याला ४० तास, वर्षाला ५२ आठवडे. म्हणजे ३१,२०० डॉलर. आता दुकानात काम मिळालं, तासाला ९ डॉलर. म्हणजे १८,७२०. फरक १२,४८०. त्याचा अर्धा ६,२४०. दोन वर्षांचे झाले १२,४८०. पण कमाल मर्यादा १०,०००, म्हणून २,४८० डॉलर कापले गेले. दोन वर्षांत त्याचं नुकसान झालं २४,९६० आणि हातात आले १०,०००, म्हणजे शंभरातले चाळीस. तिसऱ्या वर्षी काहीच नाही, पगार मात्र ९ डॉलरच.

हे उदाहरण मीच रचलेलं आहे, कुणा खऱ्या माणसाचं नाही. पण नियम खरे आहेत. शेकडेवारी, गुणाकार, मर्यादा सगळं एका गणितात येतं आणि मुलांना ते कुणाच्या तरी बाबांचं वाटतं. पुस्तकातल्या नफा-तोट्यापेक्षा बरं.

उपयोग झाला का?

पालक हा प्रश्न विचारतात आणि बरोबरच विचारतात. माझं उत्तर, थोडा झाला, सगळ्यांना नाही.

अमेरिकी सरकारने एका संस्थेकडून मोठा अभ्यास करून घेतला, तो २०१२ मध्ये आला. त्यात दिसलं की योजनेत आलेले कामगार चार वर्षांनंतरही, तशाच पण योजनेत नसलेल्या बेरोजगारांपेक्षा मागेच होते. एक कारण उघड आहे. हे शिकत होते तेव्हा बाकीचे कमावत होते, आणि शिकून बाहेर पडले तेव्हा २००८ ची मंदी दारात उभी.

नंतर बेंजामिन हायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने वेगळ्या रीतीने बघितलं. त्याची युक्ती आपल्याला लगेच कळेल. कामगार खात्यात अर्ज तपासणारे अधिकारी वेगवेगळे. बोर्डाचे पेपर तपासताना काहींचा हात सैल असतो, काहींचा घट्ट, तसंच. कुणाचा अर्ज कुणाकडे जाईल हा जवळजवळ नशिबाचा भाग. मग सारख्याच परिस्थितीतले, पण एकाचा अर्ज सैल हाताकडे गेलेला आणि दुसऱ्याचा घट्ट हाताकडे, अशांची तुलना करता येते. त्याने काढलं की योजनेतून शिकलेल्या कामगाराची दहा वर्षांतली कमाई दुसऱ्यापेक्षा सुमारे ५०,००० डॉलरने जास्त होती. पण हा फायदा सुरुवातीच्या वर्षांतला, पुढे तो विरत गेला.

दोन अभ्यास, दोन उत्तरं. मला दुसरा जास्त पटतो, कारण तुलना जास्त सारख्या माणसांची आहे. पण त्यातही एक बोचतं, की मदत मिळणं न मिळणं हे कोणत्या टेबलावर फाईल पडली त्यावर होतं.

तिसरी गोष्ट ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांच्या २०१३ च्या प्रसिद्ध अभ्यासातली. चीनमधून आलेल्या मालाचा फटका ज्या भागांना जास्त बसला, तिथे सरकारी मदत वाढली खरी. पण ती वाढली अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये, दवाखान्याच्या खर्चात. नेमकी याच कामासाठी काढलेल्या योजनेतून आलेली वाढ अगदीच किरकोळ. लोकांनी त्या दाराकडे न जाता दुसरी दारं शोधली. किंवा ते दार आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

आणि आपण कुठे आहोत यात?

हा भाग सांगू की नको असं मला झालं होतं, पण सांगितला. बरीच वर्षं ही योजना फक्त वस्तू बनवणाऱ्या कामगारांना होती. संगणकापुढे बसून किंवा फोनवर काम करणाऱ्यांचं काम परदेशी गेलं तर त्यांना साधारणपणे 'तुम्ही वस्तू बनवत नाही' असं उत्तर मिळायचं. २००९ मध्ये कायदा बदलला आणि सेवा क्षेत्रातले कामगारही आत आले. आता त्यांचं काम कुठे गेलं होतं? बरंचसं भारतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा मामा हिंजवडीला रात्रपाळी करतो, तिला त्याचा फार अभिमान. तिने हात वर करून विचारलं, "म्हणजे माझ्या मामाकडे आलं ते काम कुणाच्या तरी बाबांचं होतं?" वर्ग शांत झाला. मी म्हटलं, हो, असू शकतं. मामाने काही चूक केलेली नाही, हेही म्हटलं. रेनोसातल्या बायका-माणसांनीही केलेली नव्हती.

सगळ्यात शेवटी तिकडे काय झालं तेही सांगते. ही योजना कायम नव्हती, ठरावीक मुदतीने संसदेने पुढे चालू ठेवायची होती. मुदत संपली, ती वाढवली गेली नाही, आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांवर निर्णय देणं थांबलं. आधी मंजुरी मिळालेल्यांना त्यांचं मिळत राहिलं. कारखाने हलायचे थांबले म्हणून योजना थांबली असं मात्र नाही.

आपल्याकडे 'व्यापारामुळे काम गेलं' अशा कारणाची अशी वेगळी योजना मला सापडली नाही. आपला कायदा कारण विचारत नाही, नोकरी कशी होती ते विचारतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत औद्योगिक विवाद कायदा होता, १९४७ चा. त्यात कामगार कपात झाली तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एक नवी गोष्ट आली, पुनर्कौशल्य निधी, ज्यात कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा. त्याआधी १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. उतरत्या पायऱ्या. त्यात मला तरी तर्क दिसतो, तीन वर्षांत माणसाने हळूहळू दुसरीकडे पाय रोवावेत म्हणून.

मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला, नंबर दाखल्याच्या अर्जावर होता. म्हटलं, भाऊ, तुम्हाला १५ दिवसांच्या हिशोबाने काही मिळालं का? ते म्हणाले, "मॅडम, मी ठेकेदाराकडे होतो. ठेकेदार म्हणाला तुला कपात कुठे केलीय, दुसऱ्या साईटवर चल. साईट दोनशे किलोमीटरवर. मी गेलो नाही, तर म्हणाला तूच काम सोडलंस." कायदा वाचून मी जे काही समजून घेतलं होतं ते या एका वाक्यापुढे थांबलं. मी त्यांना सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन या, हजेरीची कार्डं, पगाराच्या पावत्या जे असेल ते घेऊन जा, एवढं सांगितलं. ते गेले की नाही माहीत नाही. पालक मित्रांनो, तुम्ही ठेकेदाराकडे असाल तर पगाराची पावती आणि गेट पास फेकू नका, एवढं तरी करा.

वर्गात घ्यायचं असेल तर

मी तीन तासिका घेतल्या. पहिल्या तासात नकाशा आणि ठिपके. दुसऱ्यात गणित. तिसऱ्यात अर्जलेखन, सातवीला तसंही पत्रलेखन असतंच. मुलांचे तीन-तीनचे गट केले, कारण तिकडे अर्जाला किमान तीन कामगार लागायचे. प्रत्येक गटाने कारखान्यातर्फे एक अर्ज लिहायचा. कोण आहोत, काय बनवत होतो, काम कधी गेलं, का गेलं. दुसरे तीन गट तपासणारे अधिकारी. मी गुपचूप एका गटाला 'मुख्य कारण' हा नियम दिला आणि बाकीच्यांना 'महत्त्वाचा हातभार'. अर्ज तेच, निकाल वेगळे लागले, आणि जे भांडण झालं ते शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं.

एवढं करा की ज्यांच्या घरी खरंच काम गेलेलं आहे त्या मुलांना अर्जदाराच्या गटात बसवू नका, अधिकारी करा. मी पहिल्यांदा ही चूक केली होती. एका मुलाने 'का गेलं' या रकान्यात काहीच लिहिलं नाही, आणि वही माझ्याकडे न देता दप्तरात ठेवली.

गणिताला आणि अर्जाला एकच तास ठेवू नका, ४० मिनिटांत दोन्ही होत नाही. कुणी हा धडा घेतलात तर तुमच्या मुलांनी 'मुख्य' आणि 'महत्त्वाचा' याला कोणती उदाहरणं दिली ते मला जरूर कळवा. वडापावचं आमच्याकडे झालं आहे.